मास्तरांची गाडी दम खाते

मास्तरांची नवी गाडी दम खायची. म्हणजे ऐन चौकात, पुढे सरकायची वेळ आली आणि मास्तरांनी रेस दिली, की आपल्याला कुणी काही म्हणालंच नाही अशा थाटात ती क्षणभर बसून राहायची. मागचे हॉर्न वाजवायला लागायचे. आणि मास्तर आणखी रेस देतात न देतात तोच, एकदम काहीतरी आठवल्यासारखी पुढे उडी मारायची. नवी कोरी गाडी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा परवा परवा काढलेलं, आणि चाल मात्र ही अशी.

दुसऱ्या कुणाच्या गाडीने असं केलं असतं तर लोकांनी चालवणाऱ्याला नावं ठेवली असती. पण मास्तरांना नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. उभा जन्म त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. गावातला डॉक्टर, भाजीवाला, शाळेची मुख्याध्यापिका, सगळे मास्तरांच्या शेजारी बसून, घाम पुसत, गिअर करकरवत शिकलेले. त्या शाळेच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. शिकणारा गडबडला की मास्तर डाव्या पायाने तो दाबायचे. गरज नसताना आपण तो कधीच दाबला नाही, पाय नुसता वर तरंगत असायचा, हा त्यांचा अभिमान होता आणि तो ते निवृत्तीनंतरही दर आठवड्याला कुणाला ना कुणाला ऐकवायचे.

नवी गाडी घ्यायचं कारण डावा गुडघा. जुन्या गाडीचा क्लच दाबताना तो कुरकुरायला लागला, तेव्हा लेकीने हट्टाने बिनगिअरची, बिनक्लचची गाडी घ्यायला लावली. "बाबा, डाव्या पायाला आता कामच नाही. आराम," ती म्हणाली. मास्तरांनी नाक मुरडलं, पण गाडी घेतली. घेतली ती खरं तर नातीसाठी.

नातीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. अपवाद फक्त आजोबांच्या गाडीचा. आठवड्यातून दोनदा शाळेनंतर मास्तर तिला पोहायच्या क्लासला घेऊन जात आणि त्या रस्त्यावर दोघांचा एक खेळ चालायचा. समोरच्या ड्रायव्हरची चूक आधी कोण पकडतं?

"आजोबा, त्या निळ्या गाडीने वळताना दिवा दाखवला नाही!"

"शाब्बास. आणि त्या स्कूटरवाल्याने?"

"मागे बघितलं नाही!"

"पाठवा त्याला परत शाळेत."

यावर भिंगरी दर वेळी तितकीच खिदळायची. मास्तरांना आठवड्यात दोनच दिवस असतात असं त्यांची बायको म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. बाकीच्या दिवशी ते पेपर वाचत, पाणी भरत, दुपारी झोपत. पण त्या दोन दिवशी सकाळीच दाढी व्हायची.

मग ते मोठ्या रस्त्याचं झालं. क्लासच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना गाडी दम खात बसली, मोठ्या रस्त्यावरून एक टेम्पो आला, आणि गाडीने जी उडी मारली ती थेट त्या टेम्पोच्या पुढ्यात. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला म्हणून निभावलं. भिंगरीची पाण्याची बाटली हातातून उडाली. घरी जाऊन तिने आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आजोबांची गाडी बेडकासारखी उडी मारते!"

संध्याकाळी लेक आली. ती आरडाओरडा करणारी नव्हती, आणि मास्तरांना तिचं तेच जड जायचं. तिने आधी चहा होऊ दिला. मग म्हणाली, "बाबा, गाडी नीट होईपर्यंत भिंगरी बसने जाईल."

 मास्तर तिच्या जागी असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. फक्त इतक्या मऊ आवाजात नसतं सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी ते गाडी विकणाऱ्या शोरूममध्ये जाऊन उभे राहिले. तिथल्या टायवाल्या तरुणाने हसून सांगितलं, "काका, नवीन गाडी आहे. तुम्हाला तिची आणि तिला तुमची सवय व्हायला थोडा वेळ लागतो."

"मी हिच्याशी लग्न केलेलं नाही," मास्तर म्हणाले. "गाडी विकत घेतलीय."

तिथे डाळ शिजली नाही तेव्हा त्यांनी आपला नेहमीचा मिस्त्री गाठला. हा मिस्त्रीही त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेला. अजूनही मास्तर गॅरेजमध्ये शिरले की तो स्टूल पुसून द्यायचा. त्याने मन लावून गाडी बघितली. इंजिनात हवा जाते तो मार्ग साफ केला, प्लग बदलले, टाकीतलं पेट्रोल काढून नवं भरलं, गाडीला कॉम्प्युटर जोडला. कॉम्प्युटर म्हणाला, सगळं ठीक. मिस्त्रीने स्वतः चालवून पाहिली. लोण्यासारखी चालली. मग मास्तरांनी त्याला शेजारी बसवून गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर नेली, तर तिथेही लोण्यासारखी. पाहुणे आल्यावर कार्टी जशी शहाण्यासारखी वागतात, तशी ती वागली. मास्तरांचा जळफळाट झाला.

"माझ्यावर विश्वास नाही ना तुझा?" त्यांनी विचारलं.

"काय बोलताय मास्तर! तुम्ही म्हणताय म्हणजे आहे. फक्त सापडत नाही."

घरी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, एक सांगू? तुम्ही एकटे असता तेव्हा ती एवढं करत नाही. मी असले आणि बाजारात गर्दी असली की करते. आणि भिंगरी असली की विचारायलाच नको."

"गाडीला कसं कळणार मागे कोण बसलंय?"

"ते मला काय माहीत? मी आपलं बघितलं-ऐकलं ते सांगितलं."

मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं, पण रात्रभर ते डोक्यात घोळत राहिलं. वजनाचा काही संबंध असेल का? मागची सीट दबली की एखादी तार दबत असेल? सकाळी बायको अंगणात आली तर मास्तर कपाटातली जुनी पुस्तकं न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवून तोलत होते. भिंगरीच्या वजनाइतकी भरली तेव्हा त्यांनी ती मागच्या सीटवर रचली, वरून पट्टा बांधला आणि गावभर फेरी मारून आले. पुस्तकांना घेऊन गाडी राजहंसासारखी चालली.

"मग? काय म्हणाली पुस्तकं?" बायकोने विचारलं.

मास्तर पट्टा सोडून पुस्तकं उतरवायला लागले. पुस्तकं परत कपाटात लावताना मात्र त्यांना पहिल्यांदाच मनातून भीती वाटली. गाडी काही बरी होत नव्हती आणि भिंगरी बसला सरावत होती. बसच्या कंडक्टरने तिला पुढची खिडकी राखून ठेवली होती म्हणे. पोरं लवकर सरावतात. आणखी महिना गेला असता तर तिला आजोबांच्या गाडीची आठवणही झाली नसती, आणि दोष कुणाला द्यायचा?

शेवटी मिस्त्रीनेच हात टेकले. "मास्तर, आता एकच करा. पोरगी असली की करते ना? मग पोरीलाच बसवा, आणि दुसरी गाडी मागे ठेवा. झटका बसताना मागून धूर निघतो का, किती निघतो, कुठल्या रंगाचा, एवढं कुणीतरी बघा. त्यावरून मला काहीतरी कळेल."

लेक आधी नाहीच म्हणाली. मग सुट्टीच्या दिवशी, सकाळी, रस्ते रिकामे असताना, गल्ल्यागल्ल्यांनी आणि हळू, एवढ्या अटींवर तयार झाली. ती स्वतः मागच्या गाडीत. भिंगरी आजोबांच्या मागे पट्टा लावून बसली आणि तिला कोण आनंद झाला! रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे चुका पकडायला ड्रायव्हरच मिळेना. ती म्हणाली, "आजोबा, एक मांजर चुकीच्या बाजूने गेलं."

"लिहून घे त्याचा नंबर," मास्तर म्हणाले. पण त्यांचं लक्ष गाडीकडे होतं. आणि गाडीने निराशा केली नाही. पहिल्या कोपऱ्यावर दम खाल्ला. दुसऱ्या कोपऱ्यावर दम खाल्ला आणि उडी मारली. बागेजवळ तर मोकळ्या सरळ रस्त्यावर, समोर कुणी नसताना, दोनदा आचके दिले. मास्तरांना इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. कधी एकदा मिस्त्रीला गाठतो असं त्यांना झालं.

पोहण्याच्या तलावासमोरच्या पटांगणात त्यांनी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. मागून लेक आली, दार उघडून शेजारच्या सीटवर बसली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र होतं. हसू म्हणावं तर हसू नव्हतं.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. "किती धूर?"

"धूर अजिबात नव्हता, बाबा."

"मग?"

"दिवे होते. ब्रेकचे. घरापासून इथपर्यंत तुमचे मागचे लाल दिवे लागलेले होते. मधेच विझायचे आणि पुन्हा लागायचे. विझले की गाडी उडी मारायची."

मास्तरांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "सापडलं! ब्रेकच्या दिव्याचा स्विच! अगं, स्विच खराब आहे. त्यामुळे गाडीला वाटतं, ब्रेक दाबलाय. त्या टायवाल्याला आता..."

"बाबा," लेक म्हणाली. "पाय बघा."

मास्तरांनी खाली पाहिलं. उजवा पाय शहाण्यासारखा बाजूला टेकलेला होता. आणि डावा पाय ब्रेकवर होता. गाडी उभी, इंजिन बंद, किल्ली हातात, तरी त्याची बोटं ब्रेकवर टेकलेली होती, जुन्या चौकीदाराने दारात बसावं तशी. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. दुसऱ्याच कुणाचा पाय आपल्या गाडीत कसा आला, असं काहीसं त्यांना वाटलं.

"हा आत्ता ठेवला असेन," ते म्हणाले.

लेक अजून पायाकडेच बघत होती.

"क्लच नाही ना, म्हणून. त्याला जागा नाही. जुन्या गाडीत तो क्लचवर असायचा, त्यामुळे..." इथपर्यंत येऊन मास्तर थांबले. जुन्या गाडीत डाव्या पायाला क्लचचं काम होतं. नव्या गाडीने ते काढून घेतलं. रिकामा झालेला पाय मग आपल्या त्याआधीच्या कामावर परत गेला होता. शेजारी बसून ब्रेक राखण्याच्या.

"मी ब्रेक दाबत नाही," ते हळूच म्हणाले. "नुसता वर ठेवतो. तुला माहितीय. गरज नसताना मी कधी..."

"माझ्या वेळी दाबायचात."

"काय?"

"मी शिकत होते तेव्हा." लेकीचा आवाज तोच, मऊ. "मला वाटायचं, माझाच हात वाईट. प्रत्येक कोपऱ्यावर गाडी आपोआप मंद व्हायची. मी रेस द्यायची, ती अडायची. घरी येऊन मी रडले होते, आठवतं? तुम्ही म्हणालात, होईल सवय. मग लायसन्सच्या परीक्षेला साहेबांनी दिलेल्या गाडीत बसले. तिच्यात दुसरा ब्रेक नव्हता. ती एवढी हलकी पळाली, बाबा, की मी घाबरले. तेव्हा मला कळलं. त्याआधी गाडी कधी माझ्या हातात नव्हतीच."

 मागे भिंगरीने कधी नव्हे ते पायही हलवले नव्हते.

मास्तरांना आता आठवलं. डॉक्टरच्या वेळी पाय तरंगत होता. मुख्याध्यापिकेच्या वेळी तरंगत होता. त्या मिस्त्रीने तर एकदा गाडी नाल्याच्या काठापर्यंत नेली तेव्हाही शेवटच्या क्षणापर्यंत तरंगत होता. फक्त ह्या एका पोरीच्या वेळी तो खाली टेकलेला होता, सगळे धडे, सगळा रस्ता. आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं असंही नाही. त्यांनी ते स्वतःलाच कधी सांगितलं नव्हतं, एवढंच. त्यांना विलक्षण लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली पोरीला काही होईल ही जुनी भीतीही जशीच्या तशी होती.

"आजोबा," मागून आवाज आला, "मग ही चूक कुणाची?"

"माझी," मास्तर म्हणाले.

मिस्त्रीला सांगितलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. "असंच आहे मास्तर. हल्लीच्या गाड्यांना रेस आणि ब्रेक असे दोन हुकूम एकदम आले, की त्या ब्रेकचं ऐकतात. रेस तोडून टाकतात. पाय जरा उचलला की रेस परत येते, ती सगळी एकदम. तुमची शिकवायची जुनी गाडी बिचारी दोन्ही ऐकायची आणि ओढत राहायची, म्हणून तेव्हा कुणाला कळलं नसणार. पण खरं सांगू? मी सगळीकडे बघितलं, तुमच्या पायाकडे बघायचं काही सुचलं नाही. तुमच्याकडे शिकलोय ना."

त्याला ते बोलून बरं वाटलं. मास्तरांना वाटलं नाही. गाडी बिघडलेली असती तर दुरुस्त झाली असती. घरी येऊन त्यांनी किल्ली लेकीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तू वापर. गाडी चांगली आहे. मीच भिंगरीला न्यायच्या लायकीचा राहिलो नाही." आणि लेक काही म्हणायच्या आत ते आत जाऊन पेपर उघडून बसले. पेपर शिळा होता.

त्या आठवड्यात सकाळची दाढी झाली नाही. बायकोने एकदा टोमणा मारून पाहिला, एकदा गोड बोलून पाहिलं. मग तिने फोन उचलला आणि लेकीला काय सांगायचं ते सांगितलं.

क्लासच्या दिवशी शाळा सुटायच्या सुमाराला लेक दारात उभी. बोटात किल्ली फिरवत होती.

"चला, बाबा."

"कुठे?"

"शिकायला."

"मला? कोण शिकवणार?"

"मी. चला, उशीर होतोय. आणि दाढी करा आधी."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती आणि मान वर करत नव्हती.

गाडीजवळ आल्यावर लेक म्हणाली, "डावा बूट काढा."

"रस्त्यावर? लोक बघतील."

"तुम्ही मला माझ्या मैत्रिणींसमोर सँडल काढायला लावली होती. काय म्हणाला होतात? पायाला कळलं पाहिजे तो कुठे आहे."

मास्तर म्हणाले होते खरे. त्यांनी निमूटपणे बूट काढला, मोजाही काढला. शाळेपर्यंत लेकीनेच गाडी नेली. भिंगरीला फाटकातून घेतलं तेव्हा तिने आत बसताच तो बूट पाहिला आणि मांडीवर घेतला. "मी सांभाळते," ती म्हणाली. एका पायात बूट आणि एक पाय उघडा, असे मास्तर गाडी चालवायला बसले. शेजारी, त्यांच्या उभ्या जन्माच्या जागेवर, लेक.

"पट्टा," लेक म्हणाली.

"लावला."

"आरसे."

"बघितले."

"डावा पाय मागे. टाच सीटला लावा. हं, आणखी मागे."

पहिल्या कोपऱ्यावर उघडा पाय आपोआप पुढे सरकला आणि ब्रेकच्या थंडगार पेडलला लागला. मास्तर दचकले. पाय मागे आला. दुसऱ्या कोपऱ्यावर तो निम्म्या वाटेतूनच मागे आला. बागेजवळ त्याने निघायचा विचार केला आणि सोडून दिला. भिंगरीने समोरच्या ड्रायव्हरांच्या चुका पकडायला सुरुवात केली तेव्हा मास्तरांना जरा श्वास आला. गाडी मऊ चालली होती. इतकी हलकी की त्यांना लेकीचं ते बोलणं आठवलं आणि खरोखरच भीती वाटली.

क्लास संपला आणि परतीला ती गल्ली आली. टेम्पोवाली. पुढे मोठा रस्ता, त्यावर वाहनांची ये-जा. मास्तर थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आरशात भिंगरी दिसत होती, केस ओले, मांडीवर आजोबांचा बूट. डाव्या पायाचा गुडघा आपोआप ताठ झाला. त्यांनी टाच सीटला दाबून धरली, गुडघा कुरकुरला तरी सोडली नाही.

"आता," लेक म्हणाली.

मास्तरांनी रेस दिली. गाडीने दम खाल्ला नाही की उडीही मारली नाही. सरळ निघाली, वळली आणि मोठ्या रस्त्यावरच्या वाहनांत मिसळून गेली. मागे कुणी हॉर्न वाजवला नाही.

"शाब्बास," लेक म्हणाली. पण तिचा आवाज थोडा चिरका आला, म्हणून मास्तरांनी तिच्याकडे ओझरतं पाहिलं. हात मांडीवर, नजर समोर, चेहरा शांत. आणि खाली, तिच्या बाजूला, जिथे काहीही नव्हतं, तिथल्या चटईत तिने पाय रुतवून धरला होता. सगळी बोटं आवळून, सगळ्या जोराने.

 मास्तर नजर रस्त्यावर ठेवून म्हणाले, "पाय मागे घे, बाळा. तिथे ब्रेक नाहीये."

"माहितीय," लेक म्हणाली. पण पाय घरी पोचेपर्यंत तिथेच होता.